सरासरीमागची मुले

(हीरकमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेचा हीरकमहोत्सव हा कृतज्ञतेचा प्रसंग असतो, तसाच हिशेबाचाही असतो. हिशेब म्हटला की पहिला प्रश्न निकालाचा येतो. ‘पूर्वीचा दर्जा आता राहिला नाही,’ हे वाक्य अशा मेळाव्यांत हमखास ऐकू येते; सरकारी शाळांतील सहावी ते आठवी या वर्गांविषयी तर ते फार सहज उच्चारले जाते. ते खरे की खोटे हे ठरविण्याआधी एक साधी चौकशी व्हायला हवी. पूर्वी त्या वर्गात कोण बसत होते आणि आज कोण बसते?

एक उदाहरण घेऊ. तीस मुलांच्या वर्गाचे सरासरी गुण पन्नास आहेत. त्यांपैकी वीस-वीस गुण मिळविणारी पाच मुले शाळा सोडून गेली. उरलेल्या पंचवीस मुलांची सरासरी छप्पन्न होते. एकाही मुलाला एक अक्षर अधिक आले नाही, तरी शाळेचा निकाल सुधारला! आता उलट पाहावे. त्याच तीस मुलांच्या वर्गात दहा नवी मुले आली. त्यांच्या घरात यापूर्वी कोणी शाळेची पायरी चढलेले नाही. त्यांचे सरासरी गुण तीस आहेत. वर्गाची सरासरी पंचेचाळीसवर येते. जुन्या मुलांचे काहीही बिघडलेले नसते. दहा मुले शिकू लागलेली असतात. तरीही गावात चर्चा होते ती दर्जा घसरल्याची.

ही दहा मुले वर्गात यावीत यासाठी या देशात दीर्घकाळ झगडावे लागले आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली आणि कष्टकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे सरकारच्या निदर्शनास आणून दिले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळायला मात्र 1 एप्रिल 2010 हा दिवस उजाडावा लागला. वर्गाचे रूप बदलले आहे ते या प्रयत्नांच्या यशामुळे.

सहावीच्या उंबरठ्यावर हा बदल विशेष जाणवतो. शिक्षणहक्काच्या केंद्रीय नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. साहजिकच अनेक वाड्यावस्त्यांतील लहान शाळांची मुले एका वर्गात एकत्र येतात. कोणी वाचनात तरबेज, तर कोणी जोडाक्षरापाशी अडखळणारे. याच वयात मुलींवर धाकट्या भावंडांची जबाबदारी पडते आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या आईवडिलांमागे मुलांची शाळा बुडते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांत आणखी एक पदर असतो. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, गुजराती वा कन्नड, आणि सुस्थितीतील बहुतेक घरांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे. मागे उरतात ती ज्यांना दुसरा पर्याय नाही अशा घरांतील मुले. या शाळेची तुलना शुल्क भरून, निवड होऊन आलेल्या मुलांच्या शाळेशी करणे न्यायाचे नाही.

अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल 1966 साली प्रसिद्ध झाला. इमारती आणि प्रयोगशाळा यांपेक्षा घरच्या परिस्थितीशी गुणांचा संबंध अधिक निकट असल्याचे तिच्यात आढळले. या निष्कर्षाचा आधार घेऊन अनेकांनी हात झटकले. परंतु त्याच अहवालात दुसरीही गोष्ट होती. ज्या मुलांच्या घरी शिक्षणाचे पाठबळ कमी, त्यांच्या प्रगतीवर शिक्षकाच्या गुणवत्तेचा परिणाम अधिक होतो. ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्याची सारी भिस्त शाळेवर असते.

म्हणून विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी ही शाळेची ढाल होता कामा नये. 2022 च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात आठवीच्या मुलांपैकी सुमारे 70 टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे सुमारे 45 टक्के मुलांनाच जमले. आठ वर्षे शाळेत येऊन भागाकार न येणे, याचे उत्तर केवळ ‘घरची परिस्थिती’ असे देता येत नाही. ते मूल शाळेवर विश्वास ठेवून आलेले असते.

मग शाळेला विचारावे काय? सहावीत आले तेव्हा या मुलाला काय येत होते आणि आठवीतून जाताना काय येते? किती मुली आल्या आणि किती टिकल्या? हंगाम संपल्यावर परतलेल्या मुलांचा बुडालेला अभ्यास कोणी भरून काढला? गुणपत्रकाशेजारी हे आकडे ठेवले, तरच शाळेचे खरे काम दिसेल. 2022-23 पासून देशाच्या ‘यूडायस’ नोंदीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती स्वतंत्रपणे ठेवली जाते. मुलाचा माग घेण्याचे साधन हाती आहे. ती नोंद आस्थेने वाचणारे लोक हवेत.

पालकहो, शेजारच्या मुलाचे गुण विचारण्याआधी आपले मूल गेल्या वर्षापेक्षा किती पुढे गेले, ते विचारावे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या काळच्या गुणवत्ता यादीचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र त्या यादीला घरातील पुस्तकांचा, शिकलेल्या आईचा आणि दिव्याखालच्या निवांत संध्याकाळीचाही हातभार होता, याचे स्मरण ठेवावे. तशी संध्याकाळ आज ज्या मुलाला मिळत नाही, त्याच्यासाठी शाळा सुटल्यावर वर्ग उघडा राहावा, तिथे कोणी तासभर बसून त्याचे वाचन ऐकावे, भागाकाराची पायरी पुन्हा समजावून द्यावी. हीरकमहोत्सवाची याहून मोलाची देणगी कोणती?