सुदानची मतपेटी

(निवडणूक कर्मचारी प्रशिक्षण वर्गातील भाषण)



भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये पार पडली. सुमारे १७ कोटी मतदारांच्या त्या निवडणुकीचे सूत्रधार, मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, सुदानमधून पाचारण झाले. सुदानवर तेव्हा ब्रिटन व इजिप्त यांचा संयुक्त अंमल होता आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. निवडणूक आयोगात तीन सुदानी आणि ब्रिटन, इजिप्त व अमेरिका यांचा प्रत्येकी एक सदस्य होता. अध्यक्षपद भारताकडे आले.

वाळवंट, भटक्या टोळ्या, दक्षिणेतील दलदल आणि अत्यल्प साक्षरता अशा मुलखात काही मतदारसंघांत थेट, तर इतरत्र अप्रत्यक्ष मतदान घेण्यात आले. ९७ पैकी ५१ जागा जिंकून इस्माईल अल्-अझहरी यांचा पक्ष विजयी झाला. इजिप्तशी संयोग हे या पक्षाचे ध्येय. परंतु सत्तेवर आल्यावर अझहरींनी लोकमताचा कल ओळखून पूर्ण स्वातंत्र्याची वाट धरली. १ जानेवारी १९५६ रोजी देश स्वतंत्र झाला.

निवडणुकीत मोठी उणीव नव्हती. उणीव राहिली ती नंतरच्या कारभारात. ब्रिटिश अधिकारी गेल्यावर रिकाम्या झालेल्या शेकडो पदांपैकी दक्षिणेकडील लोकांच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतकीच आली. मत दिले, पण राज्य आपले झाले नाही, ही भावना बळावली आणि ऑगस्ट १९५५ मध्ये, स्वातंत्र्यापूर्वीच, दक्षिणेत बंड झाले. यादवी १९७२ पर्यंत चालली, १९८३ मध्ये पुन्हा भडकली. अखेर २०११ च्या सार्वमतात दक्षिणेने जवळजवळ एकमुखाने फुटून निघण्याचा कौल दिला.

राजधानीची कहाणी वेगळी नाही. १९५८ मध्ये दुसरी निवडणूक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सेनापती अब्बूद यांनी सत्ता घेतली. १९६४, १९८५ आणि २०१९ असे तीन वेळा जनतेने रस्त्यावर येऊन लष्करशहांना हटविले. हे धैर्य थोडके नव्हे! परंतु १९६९, १९८९ व २०२१ मध्ये लष्कर परत आले. निवडून आलेले पक्ष आपसांत भांडत राहिले, हे त्याचे एक कारण. सेनेवर नागरी अंकुश कधी बसलाच नाही, हे दुसरे आणि अधिक मोठे.

एप्रिल २०२३ मध्ये सेना व तिचेच एकेकाळचे साथीदार असलेले निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. एक कोटीहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. मतदारयादी करावयाची तर घरोघर जावे लागते, हे येथे बसलेल्या शिक्षकांना ठाऊक आहे. खार्टूममध्ये कित्येक घरांना विचारावयास दारच उरले नाही.