‘झालं गेलं’ कोणी म्हणायचं?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेत दिलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय म्हणाल तर हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापुरती. तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या. विषय मात्र मी मुद्दाम निवडला आहे. ‘माफी’ हा तो विषय. घरातली माफी नव्हे, सरकार देते ती. माझी मुलगी कॉलेजात हा विषय शिकत होती. रात्री भांडी आवरल्यावर ती मला वाचून दाखवी आणि मी पोळपाट पुसता पुसता थांबून ऐकत राही.

आधी एक फरक सांगते, कारण मलाही तो समजायला वेळ लागला. आपल्या राष्ट्रपतींना घटनेच्या ७२ व्या कलमाने शिक्षा माफ करता येते, फाशीची जन्मठेप करता येते. पण तिथे आधी खटला चाललेला असतो, गुन्हा शाबीत झालेला असतो, आणि माफी एकेका माणसाला मिळते. सार्वत्रिक माफी म्हणतात ती वेगळी. सरकार एक कायदा करते आणि एका सबंध वर्गाला सांगते की, या या काळात तुम्ही जे केले त्याची आता चौकशीच नाही. खटला नाही, साक्ष नाही, निकालही नाही. इंग्रजीत तिला जो शब्द आहे तो मूळ ग्रीक भाषेतला, आणि त्याचा अर्थ ‘विसरणे’ असा आहे म्हणे.

आता विसरायचे कोणी? हाच माझा प्रश्न आहे.

आमच्या माहेरच्या गावी एका बाईचे दागिने सासरी नाहीसे झाले. चार वडीलधारी मंडळी बसली. आपलीच माणसे आहेत, झालं गेलं गंगेला मिळालं, सोडून दे, असे तिला सांगू लागली. ती म्हणाली, “सोडते. पण माझ्या पाटल्या कुठं गेल्या, तेवढं एकदा सांगा.” ते काही कोणी सांगितले नाही. उलट तीच हेकट ठरली. अर्जेंटिनातल्या बायकांची हकिकत ऐकताना मला ही बाई सारखी आठवत होती. त्यांचे तर दागिने नव्हते, पोटची पोरे होती.

अर्जेंटिना हा दक्षिण अमेरिकेतला मोठा देश. तिथे २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने राज्य ताब्यात घेतले. विदेला नावाचा सेनापती मुख्य झाला. मग माणसे नाहीशी होऊ लागली. विद्यार्थी, कामगार, वकील, शिक्षक. रात्री दारावर थाप पडायची, नंबर नसलेल्या मोटारीत घालून न्यायचे, आणि पोलीसचौकीवर चौकशी केली तर ‘असा कोणी माणूस आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळायचे. पुढे सरकारी समितीने १९८४ साली जवळजवळ ९,००० नावांची नोंद केली. तिथल्या संघटना ३०,००० म्हणतात.

आया सुरुवातीला एकट्याएकट्याच हिंडत होत्या. तुरुंगाच्या दारात, चर्चमध्ये, कचेऱ्यांत त्याच त्या बायका पुन्हा पुन्हा भेटत. त्यांतली आसुसेना नावाची बाई म्हणाली, अशा एकेकट्या रडून काही व्हायचे नाही. ३० एप्रिल १९७७ ला १४ जणी ब्वेनोस आयरेस या राजधानीच्या शहरात, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात जमल्या. त्या चौकाचे नाव प्लाझा दे मायो. जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, इथे उभे राहायचे नाही, चालत्या व्हा. तेव्हा त्या चालू लागल्या! दोघी-दोघी हातात हात घालून चौकातल्या खांबाभोवती फिरू लागल्या. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला. हुकूमही पाळला आणि जागाही सोडली नाही. बायकांच्या या अकलेचे मला फार कौतुक वाटते.

त्याच वर्षी एका मोठ्या यात्रेत गर्दीत एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला बाळाचे धुवट पांढरे लंगोट बांधले. घरोघरी आपल्या मुलांच्या लहानपणचे जपून ठेवलेले होतेच. पुढे त्याचाच पांढरा रुमाल झाला आणि तो जगाला माहीत झाला.

त्यांच्या पुढारी बायकांत एबे दे बोनाफिनी होत्या. दोन मुलगे आणि एक सून गमावलेली ही बाई. शिक्षण प्राथमिक शाळेपुरते, काम घरचे. म्हणून तर मला येथे उभे राहायचा धीर झाला.

याची किंमत त्यांनी दिली. आस्तिस नावाचा नौदलाचा तरुण अधिकारी, माझाही भाऊ नाहीसा झाला आहे असे सांगून त्यांच्यात येऊन बसू लागला. बायकांनी त्याला मुलासारखे वागवले. डिसेंबर १९७७ मध्ये त्याच्या खबरीवरून आसुसेना आणि आणखी दोन आया पकडल्या गेल्या. त्यांना विमानातून समुद्रात फेकले. प्रेते किनाऱ्याला लागली आणि बेवारशी म्हणून पुरली गेली. ती कोणाची, हे २००५ साली समजले.

आता माफीकडे येते.

१९८३ साली लष्कराला राज्य सोडणे भाग पडले. जाता जाता सप्टेंबरमध्ये त्यांनी काय केले असेल? स्वतःच कायदा करून स्वतःलाच माफी देऊन टाकली. चोरानेच पंच व्हायचे आणि आपणच आपल्याला सोडायचे, तसा हा प्रकार. निवडून आलेल्या आल्फोन्सीन यांच्या सरकारने तो कायदा डिसेंबरमध्येच रद्द केला आणि १९८५ साली सेनापतींवर खटला चालवला. विदेलाला जन्मठेप झाली.

पण मग खालच्या अधिकाऱ्यांवर खटले येऊ लागले तसे सैन्य गुरगुरू लागले. १९८६ च्या डिसेंबरात ‘पूर्णविराम’ नावाचा कायदा झाला. ६० दिवसांत ज्यांना आरोपी म्हणून बोलावले जाणार नाही, ते सुटले! मुदत नेमकी सुटीच्या दिवसांत पडत होती. तर काही न्यायालयांनी जानेवारीची सुटीच रद्द केली आणि शेकडो लोकांना बोलावणी धाडली. त्यावर १९८७ च्या ईस्टरला लष्कराने बंड केले आणि जूनमध्ये दुसरा कायदा आला. वरच्याच्या हुकुमाने ज्याने केले तो दोषी नाही, असा. पुढे मेनेम राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी १९८९ आणि १९९० साली शिक्षा झालेल्या सेनापतींनाही सोडून दिले. विदेला घरी आला.

आल्फोन्सीन यांना मी वाईट म्हणणार नाही. नुकते उभे राहिलेले राज्य पुन्हा बंदुकीखाली जाईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. घर पेटू नये म्हणून कर्ती माणसे कधीकधी तोंड दाबून बसतात, हे आपल्याला काय नवीन आहे? पण तोंड दाबायला नेहमी जिचे गेले तिलाच सांगतात, हे मात्र मला पटत नाही.

आणि याच ठिकाणी त्या कायद्यांत एक फट राहिली होती.

पकडलेल्यांत काही मुली गरोदर होत्या. त्यांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवीत, नंतर मारून टाकीत आणि मूल लष्करातल्या किंवा त्यांच्या ओळखीच्या घरी देऊन टाकीत. खोटे नाव, खोटा जन्मदाखला. अशी सुमारे ५०० मुले असावीत असा तिथल्या आज्यांचा अंदाज. होय, आज्या! ज्या आयांना लेकीचे किंवा सुनेचे दिवस भरत आल्याचे ठाऊक होते, त्यांनी १९७७ च्या ऑक्टोबरातच आपले निराळे मंडळ काढले. माफीच्या दोन्ही कायद्यांनी खून माफ केला, छळ माफ केला, पण मुलांची पळवापळवी माफ केली नाही. तेवढे लिहायला बहुधा कोणाचा हात धजला नसावा.

त्या फटीतून आज्या आत शिरल्या. आईबाप तर नाहीत, मग नातवंड आपलेच हे सिद्ध कसे करायचे? त्यांनी देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना गाठून विचारले, आमच्या रक्तावरून कळेल का? अमेरिकेतल्या मेरी-क्लेअर किंग या विदुषींनी आणि इतरांनी आजी-आजोबांच्या रक्तावरून नाते ठरवण्याची रीत बसवून दिली. १९८४ मध्ये तिच्या आधाराने एक मुलगी आपल्या आजीकडे परत आली. १९८७ साली कायद्याने रक्ताच्या नमुन्यांची सरकारी पेढीच निघाली. म्हणजे ज्या वर्षी एका कायद्याने विसरायला सांगितले, त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने आठवण बाटलीत भरून ठेवली.

मग एक खटला उभा राहिला. एक जोडपे १९७८ साली आपल्या आठ महिन्यांच्या मुलीसह पकडले गेले होते. मुलगी एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी वाढली. न्यायाधीशांपुढे पेच असा की, मुलगी पळवली म्हणून शिक्षा करता येते, पण तिच्या आईबापांना छळून नाहीसे केले त्याबद्दल विचारता येत नाही, कारण ते माफ आहे. या विसंगतीवर बोट ठेवून कावालो नावाच्या न्यायाधीशांनी मार्च २००१ मध्ये माफीचे कायदे घटनाबाह्य ठरवले. २००३ साली तिथल्या संसदेने ते रद्द केले आणि १४ जून २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर हजारांहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. आस्तिसला २०११ साली जन्मठेप. विदेला मुलांच्या चोरीसाठी १९९८ सालीच पुन्हा पकडला गेला होता. २०१२ मध्ये त्याच गुन्ह्यासाठी त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली आणि २०१३ साली तो तुरुंगातच मेला.

या बायकांत सगळे गोडीगुलाबीने चालले असे समजू नका. मंडळ म्हटले की फूट आलीच! १९८६ साली आयांचे दोन तट पडले. एक म्हणे, हाडे उकरू नका, सरकारी पैसे घेऊ नका, आधी मारणाऱ्याचे नाव सांगा. दुसरा म्हणे, हाडे तरी हाती येऊ देत. मी कोणत्या बाजूला उभी राहिले असते, ते मला अजून ठरवता येत नाही.

कोणी म्हणेल, दक्षिण आफ्रिकेने तर माफी देऊनच वैर मिटवले. तिथली तऱ्हा वेगळी होती. बिशप टूटू यांच्या आयोगाच्या वेळी माफी मागणाऱ्याने केलेले सगळे कबूल करायचे, तेही बहुधा भर सभेत, मेलेल्याच्या आईसमोर. ७,००० वर अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले. तरीसुद्धा स्टीव्ह बिको यांच्या घरचे लोक १९९६ साली न्यायालयात गेले होते की, आमच्या वतीने माफ करणारे तुम्ही कोण? ते हरले. पण निदान तिथे ‘पाटल्या कुठं गेल्या’ हे सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. अर्जेंटिनात एक शब्दही न सांगता सुटका होती.

आज्यांच्या मंडळाच्या अध्यक्ष एस्तेला दे कार्लोत्तो पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांची मुलगी लाउरा १९७८ साली कैदेत बाळंत झाली आणि दोन महिन्यांनी मारली गेली. कार्लोत्तोबाईंनी दुसऱ्यांची शंभरावर नातवंडे शोधून दिली, स्वतःचा नातू काही सापडेना. २०१४ च्या ऑगस्टात ३६ वर्षांचा एक संगीतकार मनात शंका आली म्हणून आपण होऊन रक्त द्यायला गेला. तो त्यांचाच निघाला. बाई तेव्हा ८३ वर्षांच्या होत्या.

२०२५ च्या जुलैपर्यंत अशी १४० नातवंडे सापडली. न सापडलेली मुले आज पंचेचाळीस-पन्नाशीची, म्हणजे माझ्याच बरोबरीची. कोणी नोकरीत असेल, कोणाची मुले कॉलेजात असतील, आणि आपले खरे नाव त्यांना माहीत नसेल. आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. पण गेलेल्यांचे रक्ताचे नमुने त्या पेढीत जपून ठेवलेले आहेत. उद्या कोणी शंका घेऊन आले, तर आजी हयात नसली तरी त्याला उत्तर मिळेल.