कागदाची साक्ष

जुने चित्र अस्सल की नक्कल, आणि त्याचे मोल किती, हे ठरवतात तरी कसे, असे पुष्कळांना वाटते. या प्रश्नावर मला अमेरिकेतली एक हकीगत फार बोलकी वाटते.

जॉर्जिया ओ'कीफ हे अमेरिकेच्या आधुनिक चित्रकलेतले मोठे नाव. १९१६ ते १९१८ या काळात ओ'कीफबाई टेक्सासमधल्या कॅनियन या लहानशा गावी कला शिकवत होत्या. तिथल्या अफाट माळरानावरचे उगवतीचे आणि मावळतीचे रंग त्यांनी जलरंगांत पकडले. 'ईव्हनिंग स्टार' ही १९१७ ची मालिका त्यांतलीच. हुबेहूब देखावा नाही. मोजकेच, एकमेकांत पाझरणारे रंग. दिसायला सोपे, म्हणूनच ओळखायला अवघड!

१९८६ साली बाई गेल्या. पुढे याच कॅनियनच्या दिवसांतली म्हणून २८ जलरंगचित्रे पुढे आली. बाईंनी ती तिथल्या ओळखीच्या एका तरुणाला भेट दिली होती, अशी त्यांमागची कथा होती. १९९३ साली कॅन्सस सिटीचे बँकर क्रॉसबी केम्पर यांनी आपल्या संग्रहालयासाठी ती सुमारे ५० लाख डॉलरना घेतली. 'कॅनियन सूट' या नावाने ती मानाने भिंतीवर लागली, त्यांवर पुस्तकही निघाले.

त्याच सुमारास ओ'कीफबाईंच्या समग्र चित्रांची सूची तयार होत होती. त्यासाठी एकेक काम नुसते डोळ्यांनी न पाहता त्याचा कागद, रंग आणि मालकीचा इतिहासही तपासला गेला. सहीचा आधार नव्हताच, कारण बाई चित्राच्या दर्शनी बाजूवर क्वचितच सही करत. अखेर साक्ष दिली ती कागदाने. 'कॅनियन सूट'मधले काही कागद बाई कॅनियनला असताना बाजारात आलेलेच नव्हते! १९९९ साली दोन हजारांहून अधिक कामांची सूची छापून आली. त्यात ही २८ चित्रे नव्हती. विक्रेत्याला पैसे परत करावे लागले.

आता गंमत पाहा. चित्रे तीच, रंग तेच. आदल्या दिवशी ज्यांपुढे लोक थबकत, ती दुसऱ्या दिवशी भिंतीवरून उतरली. मग आपण काय पाहत होतो, चित्र की नाव? मला वाटते, दोन्ही. एका तरुण शिक्षिकेने त्या माळावर उभे राहून काय पाहिले, हे आपल्याला जाणून घ्यायचे असते. ती शिक्षिका त्यातून वजा झाली, की रंग उरतात, साक्ष उरत नाही. बाजार त्या साक्षीचेच पैसे मोजतो. याच ओ'कीफबाईंचे १९३२ चे धोतऱ्याच्या फुलाचे चित्र २०१४ साली लिलावात ४ कोटी ४४ लाख डॉलरना गेले.

म्हणून घरात एखादे जुने चित्र निघाले, तर आधी त्याची पाठ बघा. मागची चिठ्ठी खरवडू नका, चित्र ओल्या फडक्याने पुसू नका. जुनी पावती, पत्र, फोटो जपून ठेवा. किंमत सांगणाराच विकत घ्यायला बसला असेल, तर दुसऱ्याचेही मत घ्या. आणि चित्रामागची कथा कितीही गोड असली, तरी कागदाला एकदा विचारून पाहा. त्याला भीड नसते.