भावाच्या नावावरचं शेत



घरातल्या घरात दिलेल्या पैशाला कागद कशाला, असं आपल्याला नेहमी सुनावलं जातं. म्हणून आज एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या एका घराचा हिशेब तुमच्यापुढे मांडते.

त्या काळी तिथे धंद्यासाठी भाऊ, मेहुणे, सासरे पैसे देत, एकमेकांच्या कर्जाला जामीन राहत. एक बुडाला की नातलगही बुडत. या व्यवहारात लग्न झालेल्या बाईला जागाच नव्हती. कायद्याच्या लेखी नवरा-बायको म्हणजे एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती नवरा! तिने नवऱ्याला उसने दिले तरी कोर्ट त्याला कर्ज मानत नसे. वेगळा विश्वस्त नेमलेला नसेल, तर माहेरचा पैसाही नवऱ्याच्या देण्यात जाई.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुसान अँथनीच्या घरी हेच झालं. 1837 च्या मंदीत वडिलांचा कापडगिरणीचा धंदा बुडाला. घरातल्या वस्तू लिलावात निघाल्या. आई ल्यूसीला माहेरून लग्नात मिळालेल्या भेटीसुद्धा! ल्यूसीच्या भावाने, जोशुआ रीडने, त्या विकत घेऊन बहिणीला परत दिल्या. पुढे 1845 मध्ये रॉचेस्टरजवळ शेत घेतलं, त्यात ल्यूसीच्या वारशाचा पैसा होता. पण नाव लागलं जोशुआचं. न्यूयॉर्क राज्यात 1848 मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला, तेव्हा कुठे ते शेत ल्यूसीच्या नावावर होऊ शकलं. स्वतःच्या कमाईवरचा हक्क मिळायला 1860 साल उजाडलं.

सुसान अविवाहित होती. त्यामुळे तिची सही कायद्याने चालत होती. 1870 मध्ये तिचं ‘रेव्होल्यूशन’ साप्ताहिक हातचं गेलं, तेव्हा दहा हजार डॉलरचं देणं उरलं. नातलगांनीही त्यात पैसे घातले होते. गावोगाव व्याख्यानं देऊन 1876 पर्यंत तिने ते फेडलं. आईला कर्ज घेण्याचा आणि फेडण्याचा हा मानही नव्हता.

जोशुआ भला माणूस होता, म्हणून ल्यूसीचं शेत वाचलं. पण ज्या बाईला असा भाऊ नव्हता, तिचं काय? बाईची सुरक्षितता कुणाच्या भलेपणावर टांगून ठेवायची नसते.

म्हणून म्हणते, घरच्यांना अडीनडीला पैसे जरूर द्या. पण आकडा, तारीख आणि आपलं नाव कागदावर येऊ द्या. यात अविश्वास नाही. तो पैसा आपला होता, एवढंच त्यात लिहिलेलं असतं.