म्हैस थडीची, बीज कुणाचे?

श्रोतेहो, मूर्तिजापूर तालुक्यात पूर्णेच्या थडीला आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळतो त्या भुरकट म्हशीची ‘पूर्णाथडी’ अशी स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली आहे. देशी जातींचे वीर्य कर्नालच्या राष्ट्रीय जनुकपेढीत द्रवरूप नत्रवायूत, उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवतात. बीज राहील, हे ठीकच. पण त्यावर हक्क कुणाचा?

बियाण्यावरचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मानला. जनावरांसाठी तसा कायदा झालाच नाही! आधार २००२ च्या जैवविविधता कायद्याचा. परदेशी कंपनीला असे बीज हवे, तर चेन्नईच्या प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, लाभाचा वाटाही द्यावा लागतो. गावाला त्यावर दावा सांगायचा, तर पुरावा म्हणजे गावची जैवविविधता नोंदवही. तीत झाडेझुडे भराभर लिहितात, दावणीची म्हैस राहून जाते. गुरुजी, ती वही ग्रामपंचायतीत एकदा मागून पाहा.