माहितीचे चित्र आणि चित्राची जबाबदारी

(पनवेल येथे पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘माहितीचे दृश्यरूप सादरीकरण’ असा भारदस्त विषय आपण मला दिला आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. संख्याशास्त्राशी माझी ओळख नोकरीतच झाली, आणि तीही चुका करीत करीत. त्यामुळे आज मी शास्त्र सांगणार नाही. आपल्या रोजच्या कामात आकड्यांचे चित्र कोठे येते, ते नीट काढले तर काय साधते आणि चुकले तर काय बिघडते, एवढेच सांगणार आहे.

या विद्येचा उत्तम नमुना पाहण्यासाठी दूर जावयास नको. तो आपल्या गावच्या अंगणवाडीत आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. या योजनेतील बालकाच्या वाढीचा तक्ता आपण सर्वांनी पाहिला असेल. आडव्या रेषेवर वय महिन्यांत, उभ्या रेषेवर वजन किलोग्रॅममध्ये, आणि मागे हिरवा, पिवळा व नारिंगी असे तीन पट्टे. दरमहा बालकाचे वजन करावयाचे, एक ठिपका द्यावयाचा आणि तो मागील ठिपक्याशी जोडावयाचा. या तक्त्याचे मूळ डॉ. डेव्हिड मोर्ली यांनी नायजेरियातील खेड्यांत केलेल्या कामात आहे. आज वापरात असलेले मापदंड जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केले. ते ज्या सहा देशांतील बालकांच्या अभ्यासावरून ठरले, त्यांत भारतही होता.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीचे वजन सहाव्या महिन्यात ६.५ किलो होते. सातव्यात ते ६.८ झाले. आठव्यात ६.८ आणि नवव्यातही ६.८ च राहिले. नोंदवहीत पाहिले तर नवव्या महिन्यात ही मुलगी ‘सर्वसाधारण’ या रकान्यात बसते, कारण तिचा ठिपका अजून हिरव्या पट्ट्यात आहे. मासिक अहवालातही ती तशीच मोजली जाईल आणि अहवाल खोटा ठरणार नाही. परंतु तक्ता काय सांगतो? वर जाणारी रेघ आडवी झाली आहे. वाढत्या वयात वजन न वाढणे ही धोक्याची पहिली सूचना होय. रेघ अशीच आडवी राहिली, तर अकराव्या महिन्यात ती पिवळ्या पट्ट्यात शिरेल. नोंदवहीला जे अकराव्या महिन्यात कळणार, ते चित्राने दोन महिने आधी सांगितले.

माहितीचे चित्र कशासाठी काढावयाचे, याचे उत्तर या एका रेघेत आहे. ज्याला निर्णय घ्यावयाचा आहे, त्याला वेळेवर दिसावे म्हणून. येथे निर्णय घेणारी व्यक्ती त्या मुलीची आई आहे. तक्ता कपाटात राहिला, किंवा आता आलेख मोबाइलवर उमटतो म्हणून तो सेविकाताईंच्याच हातात राहिला, तर चित्र काढूनही उपयोग झाला नाही, असेच म्हणावे लागेल.

थोडा पूर्वेतिहास

आकड्यांचे आलेख काढण्याची पद्धत फार जुनी नाही. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषा व स्तंभ यांच्या रूपाने छापले. १८०१ साली वर्तुळाचे भाग पाडून हिस्से दाखविले. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरे नकाशावर मांडून एका पंपाकडे बोट दाखविले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली काढलेल्या आलेखाने दाखवून दिले की, क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले. हे आलेख सुंदर होते, पण त्यांचे मोल त्यांनी निर्णयकर्त्यांना जे पाहावयास लावले त्यात होते.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी मी पनवेल शहराच्या वाढीचा फलक तयार केला होता. तेव्हाच्या नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या १९९१ साली सुमारे ५९ हजार, २००१ साली सुमारे १ लाख ४ हजार आणि २०११ साली सुमारे १ लाख ८० हजार होती. म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ तिप्पट. मी १९९१ साठी एक लहान माणूस काढला आणि २०११ साठी त्याच्या तिप्पट उंचीचा. फलक देखणा झाला. प्रदर्शन पाहावयास आलेल्या एका शिक्षकांनी मला बाजूला घेतले व म्हणाले, “साहेब, उंची तिप्पट केलीत, तशी रुंदीही तिप्पट झाली. आता हा माणूस नऊपट जागा अडवतो आहे. पाहणाऱ्याने तिप्पट समजावयाचे की नऊपट?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर व्हिएन्नाचे ऑटो न्यूराथ यांनी शतकापूर्वीच देऊन ठेवले होते. संख्या वाढली तर चिन्ह मोठे करू नये. त्याच आकाराची चिन्हे अधिक काढावीत. एक माणूस म्हणजे वीस हजार, असे ठरवले की १९९१ साठी तीन माणसे व २०११ साठी नऊ. अक्षरओळख नसलेली व्यक्तीही ती मोजू शकते.

त्याच फलकाबाबत आणखी एक सावधगिरी सांगतो. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि भोवतालची अनेक गावे व वसाहती तीत आल्या. यापुढचा आकडा जुन्या रेषेला तसाच जोडला, तर हद्दीची वाढ ही माणसांची वाढ म्हणून दिसेल. अशा ठिकाणी रेषा तोडावी आणि खाली कारण लिहावे.

पाळावयाचे साधे नियम

प्रथम प्रश्न ठरवावा, मग चित्र. तुलना करावयाची असेल तर स्तंभ, काळानुसार बदल दाखवावयाचा असेल तर रेषा, कोठे काय आहे हे सांगावयाचे असेल तर नकाशा. वर्तुळाचे भाग एकाच पूर्ण रकमेच्या हिश्शांसाठीच वापरावेत आणि तेही चार-पाचांहून अधिक नसावेत.

स्तंभाची पट्टी शून्यापासून सुरू करावी. एका शाळेची उपस्थिती शेकडा ९० आणि दुसरीची ९२ असेल, आणि पट्टी ८८ पासून सुरू केली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच दिसतो. आकडा खरा, पण चित्र खोटे. पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापकांवर अन्याय होतो तो निराळाच.

प्रत्येक चित्राखाली एकक, वर्ष आणि माहिती कोठून घेतली ते लिहावे.

रंगावर सगळा भार टाकू नये. याचे महत्त्व नदीकाठच्या गावांना विशेष आहे. २००५ च्या जुलैतील अतिवृष्टी आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. नदीकाठच्या पूरनियंत्रण नकाशावर दोन रेषा असतात : निळी रेषा २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची. ग्रामपंचायतीत नकाशाची झेरॉक्स आली की दोन्ही रेषा काळ्या होतात. म्हणून एक अखंड व एक तुटक काढावी आणि रेषेवरच तिचे नाव लिहावे.

येथे शब्दांनीही फसगत होते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकून लोक म्हणतात, आता २००५ ला आला, पुढचा आपल्या नातवंडांनंतर. तसे नाही. त्याचा अर्थ दरवर्षी शेकडा एक एवढी शक्यता, मागल्या वर्षी पूर आला असला तरीही. तीस वर्षांच्या संसारात लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता चारात एक आहे. निळ्या रेषेबाबत ती दहात सात आहे. ग्रामसभेत दहा खडे ठेवून त्यांतील सात बाजूला करून दाखवा. घर कोठे बांधावे हे ठरविणाऱ्याला त्या खड्यांचा जितका उपयोग होईल, तितका मोठ्या अहवालाचा होणार नाही.

मित्रहो, आता संगणकावर क्षणात रंगीत आलेख निघतात. त्यामुळे काढण्याचे श्रम वाचले, जबाबदारी मात्र वाचली नाही. आपण परत जाल, तेव्हा कार्यालयातील किंवा शाळेतील एकच फलक निवडा. तो कोणासाठी आहे, ती व्यक्ती तो पाहते का, आणि पाहून तिला काय करता येईल, हे त्या व्यक्तीलाच विचारा. आणि अंगणवाडीत गेलात, तर पटावर किती मुले आहेत हे विचारण्यापूर्वी कोणाची रेघ आडवी झाली आहे, ते विचारा.