स्कॅन झालेल्या पुस्तकाची छापील प्रत



अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात तीनदा भरले: 1917, 1935 आणि 2001 साली. हा मान होळकरांच्या राज्यात रुजलेल्या मराठी वाचकांमुळे लाभला. त्या वाचकांच्या काळातली पुस्तके आता कपाटांत ठिसूळ होत चालली आहेत. त्यांतली काही स्कॅन झाली, आणि तेवढ्यावर आपण निश्चिंत झालो. माझे म्हणणे असे की, मागेल त्याला रास्त दरात बांधीव प्रत छापून देण्याची सोय इंदूरच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने केल्याशिवाय हे काम पुरे झाले असे समजू नये.

‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चा अनुभव पाहा. या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या त्या प्रकल्पात मराठीसह अनेक भारतीय भाषांची लाखो पुस्तके स्कॅन झाली. पुढे ते संकेतस्थळच बंद पडले. त्यातली पुष्कळ पुस्तके आज दिसतात ती इंटरनेट आर्काइव्हवर प्रती ठेवल्या गेल्या म्हणून. त्या प्रतींत कुठे पाने गळली आहेत, कुठे ओळी कापल्या आहेत, आणि रोमन लिपीत नोंदलेली मराठी शीर्षके तर ओळखूही येत नाहीत. या चुका इतकी वर्षे का टिकल्या? पडद्यावर वाचणारा हवे ते पान पाहतो आणि निघून जातो. प्रत छापायची म्हटली की कोणाला तरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाने मोजावीच लागतात. म्हणून छपाईला मी स्कॅनिंगची तपासणी मानतो; वाचकाची सोय हा तिचा दुसरा लाभ.

खर्चाची अडचण आता पूर्वीची राहिलेली नाही. ऑफसेटवर हजाराची आवृत्ती काढायची तर पैसा आधी गुंतवावा लागे आणि गठ्ठे गोदामात पडत. डिजिटल छपाईत एकच प्रतही परवडते. इंदूरच्या भंवरकुआं परिसरात स्पर्धा परीक्षांच्या नोट्स मागणीप्रमाणे छापून, बांधून मिळतात. ज्या भागात हे रोज चालते तिथे जुन्या ग्रंथाची प्रत निघू शकत नाही, हे पटण्यासारखे नाही. मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 2008 मध्येच अशा छपाईसाठी यंत्र बसवले आणि सुमारे 10 डॉलरला प्रत देऊ केली. आपल्याला यंत्र घेण्याचेही कारण नाही, छापखान्याशी करार पुरे.

स्वामित्वहक्काचा आक्षेप मात्र गंभीर आहे. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतो. रियासतकार सरदेसाई 1959 मध्ये वारले. त्यांचे स्वतःचे लेखन 2020 पासून खुले आहे. दत्तो वामन पोतदारांचे ‘मराठी गद्याचा इंग्रजी अवतार’ 1922 चे, म्हणजे दिसायला कितीतरी जुने. पण पोतदार 1979 मध्ये गेले, तेव्हा हक्क 2039 अखेरपर्यंत चालणार. पुस्तकाच्या वयावरून ठरवणारा इथे हमखास फसतो. प्रत्येक शीर्षकामागे लेखकाचे मृत्युवर्ष शोधावे लागेल. संपादक, अनुवादक, प्रस्तावनाकार यांचे हक्क वेगळे तपासावे लागतील. काम कंटाळवाणे आहे, पण ते ग्रंथपालाचेच आहे. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकासाठीही वाट पूर्ण बंद नाही. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात, असे त्याच कायद्याचे कलम 52 सांगते. वाचकाला विकण्याची मुभा मात्र त्यात नाही, आणि ती आहे असे भासवणारी योजना मला नको.

दुसरा आक्षेप असा की, खुल्या पुस्तकांच्या छापील प्रती ऑनलाइन विक्रेते विकतातच. विकतात खरे, पण सदोष फाइल जशीच्या तशी छापतात, आणि गळलेल्या पानांबद्दल विचारायला समोर कोणी नसते. ग्रंथालयाकडे मूळ प्रत असते, दुसऱ्या संग्रहातून पान मिळवण्याचे संबंधही असतात. तरुण मोबाइलवरच वाचतात, हे तिसरे म्हणणे. त्यांनी खुशाल वाचावे. पण चारशे पानांच्या पत्रसंग्रहात मागची तारीख पुढच्या पत्राशी ताडून पाहणाऱ्याला हाताखाली पुस्तकच लागते.

म्हणून सुरुवात होळकर संस्थानात छापलेल्या मराठी पुस्तकांपासून करावी. प्रतीच्या मागील पानावर स्कॅनची मूळ प्रत कुठली, तिची अवस्था काय आणि तपासणी कधी झाली हे नोंदवावे. एखादे पान कुठेच मिळाले नाही, तर त्या जागी कोरे पान घालून ‘मूळ प्रतीत हे पान नाही’ असे छापावे. किंमत कागद, छपाई आणि बांधणी यांचीच घ्यावी; हरवलेल्या पानाच्या शोधाचा खर्च वाचकावर न टाकता विद्यापीठाने ग्रंथालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात धरावा.